काबुकीची नटचित्रे : नाट्येतिहासाचे साधन म्हणून एक विचार

नाट्येतिहासाच्या अभ्यासकापुढील मुख्य अडचण ही की, ज्या वस्तूचा इतिहास त्यास लिहावयाचा असतो ती वस्तू पडदा पडताच नाहीशी होते. संहिता मागे उरते, कोठे हिशेबाच्या वह्या उरतात, एखाद्या रसिकाच्या रोजनिशीतील चार ओळी उरतात. परंतु नटाने मान कशी वळविली, हात कोठे थांबविला, डोळे कसे रोखले, याचा मागमूस राहत नाही. जपानच्या काबुकी रंगभूमीपुरती ही अडचण दूर झाल्यासारखी प्रथमदर्शनी वाटते. कारण सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत काबुकीचे नट, त्यांच्या भूमिका व नाट्यप्रसंग लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांत सातत्याने उतरविले गेले. एकट्या वासेदा विद्यापीठाच्या त्सुबोउची स्मारक नाट्यसंग्रहालयात (स्थापना १९२८) अशा चित्रांची संख्या ४०,००० च्या वर आहे. जगातील दुसऱ्या कोणत्याही जुन्या रंगभूमीस एवढा दृश्य पुरावा लाभलेला नसावा.

तथापि पुरावा विपुल आहे म्हणून तो विश्वसनीय आहे असे होत नाही. हे चित्र नेमके कशाची साक्ष देते, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा. आणि तो न विचारता केवळ चित्रे लावून काबुकीचा इतिहास सजविण्याची जी रीत लोकप्रिय ग्रंथांत रूढ आहे, ती शास्त्रीय म्हणता येणार नाही. प्रस्तुत लेखात या चित्रांच्या घडणीचा व व्यवहाराचा परिचय करून देत त्यांच्या साक्षीच्या मर्यादा दाखविण्याचा हेतू आहे.

काबुकीचा प्रारंभ इझुमो येथील ओकुनी नामक नर्तकीने १६०३ च्या सुमारास क्योतोमध्ये केलेल्या नृत्यप्रयोगांपासून मानला जातो. १६२९ मध्ये स्त्रियांस व १६५२ मध्ये किशोरवयीन मुलांस रंगमंचावर बंदी झाली, आणि प्रौढ पुरुषांनीच सर्व भूमिका करावयाच्या असा दंडक पडला. आपल्याकडे ज्याला स्त्रीपार्ट म्हणत, त्याची ‘ओन्नागाता’ ही स्वतंत्र परंपरा यातून उभी राहिली. एदो शहरात (आजच्या तोक्योत) मोठ्या नाटकगृहांना शासनाचा परवाना लागे. १७१४ मध्ये राजवाड्यातील एजिमा नावाची स्त्री व इकुशिमा हा नट यांच्या प्रकरणावरून यामामुरा नाटकगृह कायमचे बंद करण्यात आल्यावर नाकामुरा, इचिमुरा व मोरिता ही तीनच परवानाधारक गृहे उरली. परवाना तीनच घरांना, पण प्रेक्षक सारे शहर. नटचित्रांच्या बाजारपेठेचे मूळ या परिस्थितीत आहे.

आरंभीची चित्रे तोरी घराण्याची होत. तोरी कियोनोबु (१६६४–१७२९) व त्याचे अनुयायी हे नाटकगृहांच्या दर्शनी पाट्या रंगविणारे चित्रकार. पहिल्या इचिकावा दान्जुरोने (१६६०–१७०४) एदोत ‘आरागोतो’ ही रांगड्या, आवेशपूर्ण अभिनयाची शैली रूढ केली होती. तिच्याशी जुळणारी चित्रशैली तोरींनी घडविली. भोपळ्यासारख्या पोटऱ्या आणि गांडुळासारखी वळवळणारी रेषा, असे तिचे वर्णन जपानी लोकच करीत आले आहेत. ही चित्रे केवळ काळ्या शाईत छापीत व मग हाताने त्यांवर शेंदरी वा तांबडा रंग भरीत. त्यांत चेहरा पाहून नट ओळखू येत नाही. सर्वांचे चेहरे एकाच साच्याचे. ओळख पटते ती वस्त्रावरील कुलचिन्हावरून. एकात एक बसविलेली तीन चौकोनी मापे दिसली की तो दान्जुरो घराण्यातील नट समजावयाचा.

याच काळातील एक वेगळा प्रकार नाट्यगृहाच्या रचनेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ओकुमुरा मासानोबु (१६८६–१७६४) याने पाश्चात्त्य यथार्थदर्शनाचा उपयोग करून १७४० नंतरच्या दशकात नाटकगृहाच्या अंतर्भागाची मोठी चित्रे काढली. त्यांत रंगमंचावर, म्हणजे छप्पर असलेल्या इमारतीच्या आत, पुन्हा एक उतरते छप्पर दिसते. हा नो नाट्याच्या मंचाचा वारसा होय. प्रेक्षकांतून रंगमंचापर्यंत जाणारा ‘हानामिची’ हा मार्गही त्यांत स्पष्ट आहे. येथे चित्रकाराचे लक्ष नटावर नसून वास्तूवर आहे, आणि म्हणूनच त्याची साक्ष अधिक निःशंकपणे घेता येते. साक्षीदारास ज्या गोष्टीत स्वारस्य नाही त्या गोष्टीविषयी तो सहसा खोटे बोलत नाही, हे इतिहासशास्त्रातील तत्त्व येथेही लागू पडते.

१७६५ मध्ये सुझुकी हारुनोबुच्या कार्यातून बहुरंगी मुद्रण सिद्ध झाले. त्याची प्रक्रिया थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण चित्र हे एकट्या चित्रकाराचे काम नव्हे. प्रकाशक विषय ठरवी व भांडवल घाली. चित्रकार पातळ कागदावर रेखाकृती करून देई. कोरणारा कारागीर ती चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटी चिकटवून रेषा कोरीत असे. त्यात मूळ रेखाकृती नष्टच होई. मग प्रत्येक रंगासाठी निराळी फळी. सर्व फळ्यांवर कागद नेमका एकाच जागी बसावा म्हणून कोपऱ्यात व कडेस ‘केन्तो’ नावाच्या खुणा कोरून ठेवीत. छापणारा तुतीवर्गीय झाडाच्या सालीपासून केलेला कागद फळीवर ठेवून बांबूच्या सालीने मढविलेल्या ‘बारेन’ या चकतीने पाठीमागून घासून रंग उठवी. तेव्हा ज्याला आपण शाराकुची किंवा कुनिसादाची रेषा म्हणतो ती वस्तुतः एका अनामिक कोरक्याच्या चाकूची रेषा असते. कलासमीक्षकांच्या रेषाविषयक प्रशंसेत या कोरक्याचा वाटा फारसा कोणी वेगळा काढीत नाही, हे नोंदवून पुढे जाऊ.

नटचित्राच्या इतिहासातील खरा पालट १७७० मध्ये झाला. इप्पित्सुसाइ बुन्चो व कात्सुकावा शुन्शो या दोघांनी मिळून त्या वर्षी ‘एहोन बुताइ ओगी’ हे पंख्याच्या आकारात नटांच्या अर्धाकृती असलेले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात प्रथमच चेहरा पाहून नट ओळखता येऊ लागला. साम्यचित्राच्या या पद्धतीस ‘निगाओ’ म्हणतात. शुन्शो व त्याच्या शिष्यांनी पुढील दोन दशके सुमारे ३३ × १५ सेंटिमीटरच्या अरुंद कागदावर शेकडो नट उभे केले. होकुसाइनेही १७७९ मध्ये शुन्रो या नावाने आपली पहिली चित्रे या घराण्यातच काढली. पुढे १८१७ मध्ये तोयोकुनीने नटांचे चेहरे झटपट काढावयास शिकविणारे पुस्तकच काढले. कोणत्या नटाचे नाक कसे, ओठ कसे, हे शहरातील सामान्य ग्राहकासही तोंडपाठ होते, असे यावरून अनुमान करण्यास हरकत नाही. या अनुमानाचे महत्त्व पुढे दिसून येईल.

आता एका विशिष्ट चित्राकडे वळू. तोशुसाइ शाराकुने काढलेले, तिसरा ओतानी ओनिजी हा नट एदोबेइच्या भूमिकेत दाखविणारे चित्र बहुतेक वाचकांनी कोठे ना कोठे पाहिले असेल : पुढे झुकलेली मान, आवळलेले ओठ, आणि छातीजवळून वस्त्राबाहेर निघालेले, बोटे फाकलेले दोन पंजे. पार्श्वभूमी अभ्रकाच्या चुऱ्याची, गडद व चकाकणारी. चित्रावर चित्रकाराची सही आहे, प्रकाशक त्सुताया जुझाबुरो याचे चिन्ह आहे व तपासणी अधिकाऱ्याचा शिक्का आहे. नटाचे नाव नाही, भूमिकेचे नाव नाही, नाटकाचे नाही, तारीख नाही. मग एवढे सर्व आपणास कळते कसे?

उत्तर चित्राबाहेरच्या साधनांत आहे. एदोतील नाटकगृहे प्रत्येक नव्या खेळासाठी रस्त्यात लावावयाची पत्रके, भूमिकावाटपाची पत्रके व प्रसंगचित्रांच्या लहान पुस्तिका काढीत. शिवाय नटांच्या गुणावगुणांची चर्चा करून त्यांस श्रेणी देणाऱ्या समीक्षापुस्तिका दरवर्षी निघत. या साऱ्यांच्या आधारे इहारा तोशिरो यांनी ‘काबुकी नेन्प्यो’ हा प्रयोगांचा वर्षवार इतिहास रचला. त्याचे आठ खंड १९५६ ते १९६३ या काळात प्रसिद्ध झाले. शाराकुची चित्रे या नोंदींशी ताडून पाहिली असता त्याच्या पहिल्या २८ अर्धाकृती १७९४ च्या पाचव्या महिन्यात तीन नाटकगृहांत चाललेल्या खेळांशी जुळतात. त्यांपैकी कावाराझाकी नाटकगृहात ‘कोइ न्योबो सोमेवाके ताझुना’ हे नाटक चालू होते. ओनिजीचा एदोबेइ हा त्यात इप्पेइ नावाच्या सेवकाजवळील पैसा लुटण्यास टपलेला गुंड होय. तलवारीच्या मुठीला हात घातलेल्या इप्पेइचे (नट पहिला इचिकावा ओमेझो) जोडचित्रही शाराकुने काढले आहे. दोन्ही शेजारी ठेवल्यावाचून एदोबेइच्या पंजांचा अर्थ लागत नाही.

येथे ‘कावाराझाकी’ हे नाव वाचून विद्यार्थी चकित होईल, कारण परवानाधारक तीन घरांत ते नाही. कारण असे की, त्या वेळी तिन्ही मुख्य नाटकगृहे आर्थिक डबघाईस आल्यामुळे बंद होती व त्यांच्या परवान्यावर मियाको, किरी व कावाराझाकी ही पर्यायी गृहे खेळ करीत होती. शाराकुची सर्व रंगभूमी ही या दुष्काळातील रंगभूमी आहे. त्सुतायासारख्या जाणत्या प्रकाशकाने अशा वेळी एका अपरिचित चित्रकाराच्या २८ महागड्या अभ्रकी चित्रांवर पैसा का घातला, याविषयी तर्क पुष्कळ झाले आहेत; प्रेक्षकांस नाटकगृहाकडे पुन्हा वळविण्याचा तो प्रयत्न असावा, हा तर्क मला त्यांतल्या त्यात ग्राह्य वाटतो.

ओनिजीच्या उदाहरणात आणखी एक सोय आहे. त्याच वर्षीच्या अकराव्या महिन्यात, म्हणजे नव्या नाट्यवर्षाच्या प्रारंभी होणाऱ्या ‘काओमिसे’ प्रयोगात, त्याने दुसरा नाकामुरा नाकाझो हे नाव धारण केले, आणि शाराकुच्या पुढील चित्रांत तोच नट या नव्या नावाने येतो. काबुकीत नावे ही वारसाहक्काने चालत येतात. एकच नाव अनेकांचे व एकाच माणसाची अनेक नावे. त्यामुळे कालनिर्णयात घोटाळे होतात तसेच, नामग्रहणाची तारीख ठाऊक असल्यास, कालनिर्णय पक्काही होतो.

कालगणनेसंबंधी येथेच एक इशारा. १८७२ पर्यंत जपानात चांद्र-सौर पंचांग चालू होते. ‘पाचवा महिना’ म्हणजे मे नव्हे, आणि वर्षाअखेरचे दिवस आपल्या पुढील वर्षात जातात. शुन्शोचा मृत्यू काही ग्रंथांत १७९२ व काहींत १७९३ असा आढळतो. जपानी वर्षाच्या बाराव्या महिन्यातील त्याची मृत्युतिथी १९ जानेवारी १७९३ रोजी पडते. मतभेद मुळी नाहीच. १७९४ मध्ये तर अकरावा महिना अधिक आला होता, आणि शाराकुची काही चित्रे त्या अधिकमासातील प्रयोगांची आहेत. अधिकमासाची सवय असलेल्या मराठी वाचकास हे समजावून सांगण्याची गरज नाही. युरोपीय लेखकांची मात्र येथे तारांबळ उडालेली दिसते.

एदोबेइचे पंजे शरीररचनेच्या दृष्टीने चूक आहेत. चेहऱ्याच्या मानाने ते लहान आहेत, आणि खांदा, कोपर व मनगट यांची जोडणी मनात करून पाहिल्यास ती जमत नाही. ते चूक असूनही नाट्यदृष्ट्या बरोबर का वाटतात? काबुकीत भावनेच्या परमोच्च क्षणी नट एकाएकी स्थिर होतो व डोळे रोखून एक ठाम आकृती धारण करतो. त्यास ‘मिए’ म्हणतात. हा क्षण नटाने स्वतःच चित्रासारखा केलेला असतो. नटचित्रकार गतिमान प्रसंग गोठवितो असे आपण म्हणतो, पण येथे गोठविण्याचे काम रंगमंचावरच झालेले असते. म्हणून काबुकी व हे चित्र यांचा संबंध विषय व चित्रण एवढाच नाही. दोन्ही कला एकाच स्थिर आकृतीच्या शोधात होत्या. मात्र त्यामुळेच प्रसंगाच्या मधल्या हालचालींविषयी चित्र काहीच सांगत नाही. दोन मिएंच्या मधील सारे नाटक त्यातून निसटते.

शाराकुच्या स्त्रीभूमिकांत पांढऱ्या रंगलेपाखालून पुरुषी जबडा व थोराड नाक स्पष्ट दिसते. प्रत्यक्ष रंगमंचावर प्रेक्षकास असेच दिसत होते काय? त्याच वर्षी तोयोकुनीने (१७६९–१८२५) ‘रंगमंचावरील नटांच्या आकृती’ ही मालिका सुरू केली. तिच्यात त्याच काळचे नट डौलदार, प्रमाणबद्ध व ग्राहकास रुचतील असे आहेत. एकाच रंगभूमीचे हे दोन साक्षीदार. आणि बाजाराने तोयोकुनीच्या बाजूने निकाल दिला. शाराकुची कारकीर्द १७९५ च्या प्रारंभी, सुमारे दहा महिन्यांत व १४० च्या वर चित्रे काढून, संपली. ओता नान्पो याने त्याविषयी केलेल्या जुन्या टिपणाचा आशय असा की, सत्य फार हुबेहूब काढू गेल्यामुळे तो फार काळ टिकला नाही. शाराकु म्हणजे आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरचा साइतो जुरोबेइ हा नो नट होय, अशी नोंद १८४४ मध्ये साइतो गेश्शिनने केली आहे, व ती आज बहुतांशी मान्य आहे. नो नट मुखवट्यामागून काम करतो. अशा माणसास मुखवट्यावाचूनच्या चेहऱ्याचे एवढे कुतूहल वाटावे, हे मला अर्थपूर्ण वाटते. पण हा पुरावा नव्हे.

यापुढील मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. नटचित्र खपावयाचे तर ते खेळ चालू असतानाच दुकानात हवे. खेळ उतरला की चित्राची किंमत गेली. रेखाटन, तपासणी, कोरणी व छपाई यांस लागणारा वेळ लक्षात घेता अनेक चित्रे पहिल्या प्रयोगापूर्वीच तयार करणे भाग होते. म्हणजे चित्रकाराने प्रयोग पाहिलेलाच नसे. जाहीर झालेले भूमिकावाटप, पूर्वीच्या प्रयोगांचा अनुभव आणि भूमिकेची ठरलेली वेशभूषा यांवरून तो चित्र काढी. ऐन वेळी नट बदलला तर फळीवरील नाव काढून त्या जागी दुसरे बसवीत. आणि बेत फसला तर कधीच न घडलेल्या प्रयोगाचे चित्र मागे राही. अशा चित्रास प्रयोगाची नोंद समजणे म्हणजे निमंत्रणपत्रिकेवरून लग्न लागले असे ठरविणे होय. परंतु याच वस्तुस्थितीतून दुसरी साक्ष मिळते. प्रयोग न पाहता चित्रकार त्याचे चित्र काढू शकत होता आणि ग्राहकास ते खोटे वाटत नव्हते, याचा अर्थ भूमिकेचे रूप, रंगभूषा व उभे राहण्याची ढब यांचे संकेत अत्यंत दृढ होते. एकट्या चित्रावरून प्रयोग सिद्ध होत नाही, पण अनेक चित्रांवरून संकेत सिद्ध होतो.

ओसाका येथील चित्रांचा विचार निराळा करावा लागेल. र्यूकोसाइ, शोकोसाइ, होकुशू, हिरोसादा अशा तेथील चित्रकारांचा जवळजवळ एकमेव विषय काबुकी हाच होता. त्यांतील पुष्कळ जण हौशी व नटांच्या चाहतामंडळांत वावरणारे होते. तिसरा नाकामुरा उताएमोन व दुसरा आराशी किचिसाबुरो यांच्या चाहत्यांतील चुरस या चित्रांत उमटली आहे. वय झालेला स्त्रीभूमिकाकार तरुण दाखविण्याचा आग्रह तेथे कमी दिसतो. अभ्यासकांनी एदोच्या मानाने या चित्रांकडे दुर्लक्ष केले, ते माझ्या मते अन्याय्य आहे.

१८४२ मध्ये तेम्पो सुधारणांच्या वेळी शासनाने नट व गणिका यांची चित्रे छापण्यास मनाई केली. त्याच वर्षी सातवा दान्जुरो चैनबाजीच्या आरोपावरून एदोतून हद्दपार झाला. १८४१ च्या आगीनंतर नाटकगृहेही शहराच्या कडेस, आसाकुसाजवळ सारुवाका येथे हलविण्यात आली. चित्राच्या एका तावाची किंमत १६ मोन या मर्यादेत बांधून देण्यात आली. एक वाडगा सोबा शेवयांनाही तेवढेच पडत. पण मनाई फार काळ पाळली गेली नाही. कुनियोशीने १८४७ च्या सुमारास कोठाराच्या भिंतीवर कोणी खिळ्याने ओरखडावेत तसे नटांचे चेहरे काढले. त्यांवर नटांची नावे नाहीत, चित्रे पोरकट; पण निगाओची वर सांगितलेली सवय असल्याने ग्राहक प्रत्येकास ओळखत होता. कुनिसादाने (१७८६–१८६५), जो १८४४ पासून तोयोकुनी या नावाने सही करी, १८५२ मध्ये तोकाइदो मार्गाच्या मुक्कामांच्या निमित्ताने नटांची मोठी मालिका काढली. नाव नटाचे नव्हे, मुक्कामाचे. अशा ‘मिताते’ म्हणजे कल्पित योजनेच्या चित्रांत भूमिकावाटप चित्रकाराच्या मनचे असते. कधी वारलेला नटही जिवंत नटाशेजारी उभा राहतो. नवखा संशोधक फसतो तो बहुधा येथे. उलटपक्षी याच तपासणीव्यवस्थेने आपल्यावर एक उपकार केला आहे. १८५२ पासून शिक्क्यात वर्ष व महिना येऊ लागला, आणि तो प्रयोगांच्या नोंदींशी ताडून कोणते चित्र आधी निघाले व कोणते नंतर हे ठरविता येते.

रंगांवरून वेशभूषेविषयी अनुमाने काढताना तर विशेष सावध असावे. जुन्या चित्रांतील निळा रंग एका रानफुलापासून केलेला असे. तो उजेडाने व दमटपणाने पिवळसर होतो. करडईच्या फुलांचा गुलाबी विटतो, शिशाचा शेंदरी काळवंडतो. आज संग्रहालयात दिसणारा संयत, मातकट रंगमेळ हा पुष्कळदा काळाचा परिणाम आहे. ग्राहकाने घेतलेले चित्र भडक होते. १८३० च्या आसपास आयात प्रशियन निळा रंग प्रचारात आला, त्यानंतरची निळाई मात्र टिकून आहे.

शेवटी ‘शिनि-ए’ या मृत्युचित्रांचा उल्लेख केला पाहिजे. लोकप्रिय नट वारला की त्याचे चित्र मृत्युतिथी व मरणोत्तर बौद्ध नाव घालून तातडीने विकीत. सातव्या दान्जुरोचा पुत्र आठवा दान्जुरो याने १८५४ च्या आठव्या महिन्यात ओसाकात आत्महत्या केली. तो ३२ वर्षांचा होता. त्याच्यावर शंभराहून कितीतरी अधिक निरनिराळी मृत्युचित्रे निघाली. बहुतेकांवर चित्रकाराची सही नाही व तपासणीचा शिक्काही नाही. म्हणजे कालनिर्णयाची नेहमीची दोन्ही साधने गैरहजर. वय, मरणोत्तर नाव यांबाबतही ती परस्परांशी जुळत नाहीत, कारण प्रकाशकांपाशी वार्ता पोचली तीच अर्धवट. घटनेचा पुरावा म्हणून ती कुचकामाची आहेत. मात्र त्यांपैकी एकात दान्जुरो निर्वाणशय्येवरील बुद्धासारखा पहुडला आहे, आणि सभोवती सर्व वयांच्या व सर्व थरांतील स्त्रिया आक्रोश करीत आहेत. समीक्षापुस्तिकांनी नटास दिलेली श्रेणी आपणास ठाऊक असते. सोळा मोन देऊन चित्र नेणाऱ्या स्त्रीस तो काय वाटत होता, हे सांगणारे कागद फार थोडे आहेत, आणि हा त्यांतला एक आहे.